सुखदेव सोमकुवरची चार मिनिटं

“माहं घड्याळ बराबर आहे सर, आभाळच रोज चार मिनिटं आधी येऊन राहिलं.”

सुखदेव सोमकुवर हे एकदाच बोलला. १९८६ सालच्या ऑगस्टमध्ये, पांढुर्ण्यात, कोल्हे सरांच्या ओसरीच्या खालच्या पायरीवर उभा राहून. सर आधी हसले. मग त्यांनी ते वाक्य मंडळाच्या बैठकीत सांगितलं, तिथून ते पानठेल्यावर गेलं, आणि पुढे कितीतरी दिवस कोणी बस चुकवून आला की लोक विचारायचे, “काय बे, आभाळ आधी आलं काय आज?”

त्या वाक्यात एकही चूक नव्हती. हसणाऱ्यांपैकी कोणी रात्री अंगणात खाट टाकून पंधरा दिवस वर पाहिलं असतं, तरी त्याला ते कळलं असतं. पण वर पाहण्यापेक्षा पायरीवर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहणं सोपं होतं.

सुखदेव मोहगावचा. त्याचा बाप दुसऱ्यांचे संत्र्याचे बगीचे राखायचा. सुखदेव दहावी पास झाला, नागपूरला एका दुकानात तीन वर्षं राहून रेडिओ दुरुस्तीचं काम शिकला, आणि गावात परत येऊन वस्तीच्या टोकाला, आपल्याच घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडून बसला. सौसरपासून लोक यायचे. ज्या घरांच्या उंबऱ्याआत त्याला कोणी बोलावलं नव्हतं, त्या घरांचे रेडिओ उघडे होऊन त्याच्या पुढ्यात पडलेले असायचे. बातम्या त्याच्या हाताने त्या घरात जायच्या. तो मात्र बाहेरच्या ओट्यावर रेडिओ ठेवून परत यायचा.

त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर त्याच्या दारात जीप आली. जीपमध्ये अनुराधाबाई होत्या, दूरच्या शहरातल्या एका संस्थेच्या संशोधक. सोबत दत्तात्रय कोल्हे, पांढुर्ण्याचे निवृत्त विज्ञान शिक्षक आणि जाम-काठ विज्ञान मंडळाचे सचिव. संस्थेला रेडिओ लहरींची मोठी दुर्बीण उभारायची होती. त्यासाठी जागा हवी होती शांत. कानाला शांत नव्हे, लहरींनी शांत. मोटारीची ठिणगी, वेल्डिंग, चक्कीची मोटर, असल्या गोष्टींचा खरखराट जिथे कमी, अशी. म्हणून पाच-सात गावांत एकेक हिरवी लोखंडी पेटी ठेवून नोंदी घ्यायचं ठरलं होतं, आणि सगळ्या गावांचं संयोजन कोल्हे सरांकडे होतं. मोहगावची पेटी शाळेत ठेवायची होती, पण तिथे सुईच हलेना. कोणीतरी म्हणालं, रेडिओवाल्याला दाखवा.

सुखदेवने पेटी उघडली, आत वाकून पाहिलं, एक सुटलेला टाका पुन्हा डागला आणि झाकण लावलं. सुई हलली.

“ही पेटी यांच्याकडेच राहू द्या,” अनुराधाबाई म्हणाल्या.

“इथे?” कोल्हे सर म्हणाले. त्यांनी छपराकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं. “शाळा सोयीची होती. पण बघा. तुमचं यंत्र.”

छपरावर चार दांड्यांचा अँटेना बसला, तोंड दक्षिणेकडे. बॅटरी आली. दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत दर पंधरा मिनिटांनी सुईचा आकडा वहीत लिहायचा, असं काम होतं.

“पण हे पाहाचं काय आहे मॅडम?” सुखदेवने विचारलं. “त्या मोठ्या दुर्बिणीनं?”

अनुराधाबाई जीपच्या पायरीवर टेकल्या. त्यांना हा प्रश्न त्या दौऱ्यात कोणी विचारला नव्हता. “तारे जन्मतात ना, ते वायूच्या ढगात जन्मतात. नवा तारा पेटला की उरलेला वायू आणि धूळ त्याच्याभोवती फिरत राहते, चकतीसारखी. ती धूळ एकमेकींना चिकटते, गोळे होतात, गोळ्यांवर गोळे आदळतात. त्यातून ग्रह होतात. आपली पृथ्वीही तशीच झाली. परदेशात गेल्या एक-दोन वर्षांत रेडिओने अशा एका कोवळ्या ताऱ्याभोवतीचा वायू ऐकलाय. डोळ्याला तिथे काही दिसत नाही, धूळ आड येते. रेडिओ धुळीतून पार जातो. आपण निदान ते ढग तरी ऐकू.”

“म्हंजे ग्रह अजून तयार होऊनच राहिले?”

“हो. कृत्तिका आणि रोहिणीच्या मधल्या भागात बघा एकदा. काही दिसणार नाही, पण तिथे चाललंय.”

लग्नाआधी सुखदेव एक हंगाम पांढुर्ण्यात सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला होता. “जिनात कापसाची भुसडी उडते,” तो म्हणाला. “हवेत पाहा तं काहीच नाही. संध्याकाळी झाडू माराले जा, तं यंत्राखाली कोपऱ्यात एवढे एवढे गोळे. कोणी वळले नसते. फिरून फिरूनच होतात.”

“अगदी तसंच,” अनुराधाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते आपल्या डायरीत लिहून घेतलं. कोल्हे सरांनी घड्याळ पाहिलं.

तर काम सुरू झालं. जीव ओतून केलेलं काम कसं दिसतं हे पाहायचं असेल तर त्या दोन वह्या पाहाव्यात. एक वही आठवडाभर घरी भरायची, दुसरी सोमवारी सौसरवरून बसने पांढुर्ण्याला, कोल्हे सरांकडे. सर त्यातून संस्थेला पाठवायचा तक्ता काढायचे, रोज सुई सगळ्यात वर कधी गेली आणि किती गेली, आणि पुढच्या सोमवारी वही परत द्यायचे. ओसरीवरूनच. चहा मिळायचा, बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेल्या काचेच्या ग्लासात. प्यायल्यावर तो सुखदेवनेच विसळून ठेवायचा, तेही कोणी न सांगता ठरलेलं होतं.

घड्याळ चावीचं होतं. रोज सकाळी आठच्या बातम्यांआधी आकाशवाणीचे टोले पडायचे, त्या टोल्यांवर सुखदेव ते लावायचा. कधी अर्धं मिनिट मागे असायचं, कधी तेवढंही नाही. लावलं, की रेडिओ बंद. दोन वाजल्यानंतर घरात रेडिओ लावायचा नाही, डाग देण्याची सळई तापवायची नाही, कारण त्यानेही सुई हलते. रेडिओवाल्याच्या घरात साडेतीन महिने संध्याकाळी रेडिओ वाजला नाही. गिऱ्हाइकं कुरकुरली. शेजारचा चक्कीवाला कवडू रोज विचारायचा, “काय सुखदेव, आज कोनता गिरो उतरला छपरावर? शनी असन तं सांग, मी चक्की बंद ठेवतो.”

“तुही चक्की सहाले बंद होते कवडूभाऊ, तेवढी तशीच ठेव. शनीचं मी पाहतो.”

समासात तो कारणं लिहायचा. ‘कवडूची चक्की.’ ‘फटफटी गेली.’ ‘वीज कडाडली.’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी समासात लिहिलं आहे: ‘आज गोटमार. गाड्या, ट्रक, माणसं सगळे तिकडे. सुई इतकी शांत कधीच नव्हती.’ जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव दरवर्षीच्या रिवाजाने दगड मारून एकमेकांची डोकी फोडत होते, तेव्हा इथे आकाश स्वच्छ ऐकू येत होतं.

दुपारचे आकडे त्याची बायको वत्सला घ्यायची. ती सातवी शिकली होती, अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं. “बाकीचे सवत आनतात तं ती निदान भांडे घासते,” ती म्हणायची. “तुमी सुईवाली आनली.”

खरी गोष्ट पहिल्यांदा तिच्या लक्षात आली. दिवसभरात सुई एकदा हळूहळू वर चढायची, तासभर वर राहायची आणि तशीच हळू उतरायची. ठिणगीसारखी उडायची नाही. “पहिल्या आठवड्यात जेवनं झाल्यावर चढे,” वत्सला म्हणाली. “नऊले. आता भाकरी थापून राहिली असतो तं चढून बसते. रोज थोडी आधी. कोनतं मशीन असं येते?”

सुखदेवने मागची पानं काढली. श्रावण लागला तेव्हा नऊ. मधे साडेआठ. राखीला आठ. तो पानं उलटत गेला आणि त्याला बापाचं बोलणं आठवलं. त्याचा बाप बगीचा राखताना रात्र चांदण्यांवर मोजायचा आणि सांगायचा, चांदणी रोज थोडी आधी येते, पंधरा दिवसांत तासभर, म्हणून राखणदाराने एका चांदणीच्या भरवशावर झोपू नये. पंधरा दिवसांत तास. म्हणजे रोज चार मिनिटं. माणसाचं मशीन माणसाच्या घड्याळावर चालतं, सूर्याच्या वेळेवर. रोज चार मिनिटं आधी येतं ते माणसाचं नसतं. दक्षिणेकडून आकाशगंगेचा दाट पट्टा अँटेनापुढून सरकत होता, आणि मोहगाव इतकं शांत होतं की आकाशगंगा कवडूच्या चक्कीच्या शेजारी ऐकू येत होती. दुर्बिणीला याहून चांगली साक्ष कोणती हवी होती?

पुढच्या सोमवारी तो पांढुर्ण्याला गेला तो जवळपास धावतच. कोल्हे सर म्हणाले, “तुझ्या घड्याळाचं काहीतरी कर बाबा. रोज मागे पडतंय. चार-चार मिनिटं.” तेव्हा तो ते वाक्य बोलला.

सर हसले. “बरं बरं. मी बघतो.”

ते बघणं काय होतं, हे सुखदेवला पाच महिने कळलं नाही. तो आकडे घेत राहिला. पोळ्याला सात. दसऱ्याला पावणेपाच. दिवाळीला दुपारी साडेतीन. त्याला वाटत होतं, वही बोलते आहे. कार्तिकात जीपचा ड्रायव्हर येऊन पेटी घेऊन गेला. छपरावर अँटेनाच्या खुंट्या राहिल्या.

जानेवारीत पोस्टकार्ड आलं. रविवारी दुपारी पांढुर्ण्यात मंडळाचा कार्यक्रम, संस्थेच्या अनुराधाबाई येणार, आपण यावे. वत्सलाने सदरा धुऊन इस्त्री केला. “दोन्ही वह्या घेऊन जा,” ती म्हणाली. “आन घड्याळही न्या. मॅडम विचारतीन तं दाखवा.” तिने घड्याळ टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलं. बसमध्ये तो पिशवी मांडीवर घेऊन बसला. टिकटिक मांडीला लागत होती.

सभागृहात फलक होता. ‘खगोल-निरीक्षक मा. दत्तात्रय कोल्हे सर यांचा सत्कार.’ सुखदेवने तो दोनदा वाचला आणि मागच्या ओळीत बसला. शाल झाली, नारळ झाला. एक वक्ता म्हणाला की सरांनी ऊन-पावसाची पर्वा न करता आकाशाचा कानोसा घेतला. सरांनी भाषणात सांगितलं की दुर्दैवाने मोहगावची जागा नामंजूर झाली, तिथे रात्री नऊला काहीतरी यंत्र रोज चालतं, पण विज्ञानात नकारसुद्धा मोलाचा असतो. टाळ्या पडल्या.

रात्री नऊला? सुखदेवने पिशवीतल्या वह्या चाचपल्या.

कार्यक्रम संपल्यावर त्याला शेजारच्या खोलीत बोलावलं. टेबलाशी कोल्हे सर, शाल अजून खांद्यावर. पलीकडे अनुराधाबाई, पुढे एक टाईप केलेला तक्ता.

“ये सुखदेव. दप्तरच्या प्रतीवर सहायक म्हणून तुझी सही राहिली आहे,” सर म्हणाले. “बघ, तुझंही नाव घातलंय.”

सुखदेव सही करायला वाकला आणि वाचू लागला. पहिला आठवडा, नऊ वाजता. दुसरा, नऊ. राखी, नऊ. पोळा, नऊ. दसरा, नऊ. दिवाळी, नऊ. पानामागून पान, नऊ. शेवटी शेरा: ‘निरीक्षकाचे घड्याळ मागे पडत असल्याने वेळा दुरुस्त केल्या आहेत. संभाव्य कारण: पिठाची चक्की.’

“सर,” तो म्हणाला, “हे तुमी बदललं?”

“दुरुस्त केलं. घड्याळ मागे पडायचं तुझं. दर आठवड्याला मला बसून मिनिटं मिळवावी लागली, कल्पना आहे?”

“दिवाळीले किती मिळवली?”

“आता ते आठवत नाही.”

“साडेपाच घंटे मिळवले सर.” त्याचा आवाज चढला नाही. त्याने वही उघडून टेबलावर ठेवली, वत्सलाच्या अक्षरातलं पान. “हे वाचा. ‘साडेतीन. ऊन. कापूस वेचून आत्ताच आले. सुई सत्तेचाळीस.’ तुमच्या हिशोबानं हे रात्री नऊ आहे. माही बायको रात्री नऊले उन्हात उभी होती, आन आमाले दोघाले माहीत नाही दिवस आहे का रात आहे?”

“अरे, समासातलं मी कशाला वाचत बसू?”

“आन कवडूची चक्की सहाले बंद होते. मोहगावात कोनालेही विचारा.”

“हे बघ, शिकलेल्या माणसाला एवढं कळतं की आकाश वेळ बदलत नाही.”

सुखदेवने अनुराधाबाईंकडे पाहिलं. त्यांनी वही आपल्याकडे ओढली होती. त्या एकेक पान उलटत होत्या, बोट वेळेच्या रकान्यावरून खाली सरकत होतं, आणि सुखदेव त्यांचा चेहरा पाहत होता. चौथ्या-पाचव्या पानाला बोट थांबलं. त्यांना कळलं. या क्षणासाठीच तो घड्याळ मांडीवर घेऊन आला होता.

“कोल्हे सर, यांचं बरोबर आहे,” त्या हळू म्हणाल्या. “तारे रोज चार मिनिटं आधीच येतात. ही आकाशगंगा आहे.”

सरांनी शाल सारखी केली. रागावण्याऐवजी त्यांनी दाराकडे पाहिलं. पलीकडे अजून लोक होते. “मॅडम, अहवाल तर गेला.”

“हो.” अनुराधाबाईंनी वही मिटली. हात तिच्यावरच राहिला. “सुखदेव, नोंदी फार सुंदर आहेत. खरं सांगते. पण जागा आता दुसरी ठरली आहे. समितीपुढे मी जाऊन सांगितलं की आमच्या संयोजकांनी, म्हणजे सरांनी, वेळा बदलल्या, तर बाकीच्या गावांच्या नोंदीही संशयात जातील. वर्षाचं काम पुन्हा. मला ते नाही करता येणार.”

“मंग चूक कोनाची म्हनून लिहान?”

त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. उत्तर टाईप होऊनच आलं होतं.

“घड्याळाची,” कोल्हे सर म्हणाले. “माणसाची नाहीच. घड्याळ काय, कोणाचंही मागे पडतं. तू उगीच मनाला लावून घेऊ नको. आणि ऐक, मी मॅडमशी बोललोय. नव्या जागेवर मदतनीस लागणार आहेत. कायमची नोकरी. तू सही कर, तुझं नाव पहिलं जाईल. होय ना मॅडम?”

अनुराधाबाईंनी मान हलवली. अगदी थोडी, पण हलवली. “तुम्ही तिथे हवे आहात, सुखदेव. आपण मोठ्या यंत्रावर काम करू. ते ढग, ती धूळ, तुम्ही म्हणालात ना, जिनिंगमधल्यासारखी.”

त्या क्षणी सुखदेवला सगळ्यात जास्त राग त्यांचा आला. कोल्हे सरांना कळत नव्हतं. न कळणाऱ्याने त्याला अडाणी ठरवलं होतं, हे त्याच्या ओळखीचं होतं, कोनाड्यातल्या ग्लासाइतकं ओळखीचं. या बाईंना कळत होतं. त्यांनी आत्ता, या टेबलावर, बोट ठेवून वाचलं होतं. आणि तरी त्यांना त्याची सही हवी होती, त्याच्याच हाताने, की आम्हा नवरा-बायकोला घड्याळ समजत नाही. तिकडे कृत्तिका-रोहिणीच्या मधे धुळीचे गोळे अजून ठरायचे होते. इथे कोणाची जागा कोणती, ते कधीच ठरून घट्ट झालं होतं, आणि ज्यांना आकाश वाचता येत होतं तेही त्याला हात लावायला तयार नव्हते.

त्याच्या डोळ्यापुढे मोहगावचं घर आलं. मदतनीसाची कायमची जागा म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. वत्सलाला कापूस वेचायला जावं लागलं नसतं. सही म्हणजे दोन शब्द. पण तो दिवाळीच्या दुपारचं ते पान विसरू शकत नव्हता. ती शेतातून आली तेव्हा तिच्या ओच्यात कापूस तसाच होता, हात न धुता आधी ती पेटीकडे गेली होती, कारण पंधरा मिनिटं भरत आली होती. ती वेळ तिने बरोबर लिहिली होती.

कोल्हे सरांनी पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं. “कर लवकर. मॅडमना गाडी गाठायची आहे.”

दाराबाहेर दोन माणसं उभी होती, मंडळाचीच. एकजण दुसऱ्याला म्हणाला, “हाच तो. आभाळ आधी येते म्हननारा.” दोघं हसले.

सुखदेवने पेन घेतलं नाही. अनुराधाबाईंच्या हाताखालची वही त्याने ओढून घेतली. क्षणभर त्यांचा हात तिच्यावर होता, मग त्यांनी तो उचलला. त्याने पिशवी उघडली. घड्याळाभोवतीचा टॉवेल सुटला होता, काच दिसत होती. सकाळच्या टोल्यांवर लावलेल्या त्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या मंडळाच्या घड्याळात चार वाजून दोन. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, घड्याळाला टॉवेल गुंडाळला, वही त्याच्या शेजारी नीट बसवली आणि पिशवीची गाठ मारली.

“अरे, चहा तरी,” कोल्हे सर म्हणाले.

टेबलावर तीन कप होते, सगळे सारखे, कानाचे. एक त्याच्यासाठी भरला होता. त्यावर साय धरली होती.

सुखदेवने पिशवी काखेत घेतली, दारातल्या दोघांच्या मधून वाट काढली, पायरीवर चपला घातल्या आणि निघून गेला.